पाणी मंडळाची कारभारीण

औरंगाबाद,
१९ जून १९७८

प्रिय मित्र पुंडलिक यास मल्हाररावचा रामराम.

आधी सगळ्यांची खुशाली कळव. तुझा गुडघा कसा आहे? पावसाची हवा सुटली की आभाळाच्या आधी त्याला कळतं, हे मला गिरणीपासून ठाऊक आहे. आवडावहिनींच्या डोळ्यांचं पाणी थांबलं का? गंगापूरच्या डॉक्टरनं दिलेली बाटली त्या डोळ्यांत घालतात, का कोनाड्यात ठेवून तिला हात जोडतात, ते खरं लिही. शेळी व्याली का? तुमच्या वस्तीवरच्या लिंबाखाली अजून पेपर वाचून दाखवतोस का, का आता ऐकणारे झोपतात?

इकडं बानाबाईची कंबर धरलेली आहे, पण तोंड चालू आहे, म्हणजे काळजी नाय. आमचा मुंजाबा चिकलठाण्याकडं नव्या कारखान्यात लागला. तुझी आशा नि जावईबापू रामकिसन बरे आहेत. रामकिसनची पाळी दर आठवड्याला बदलते, त्यामुळं डोळे लाल असतात. बाकी माणूस गुळासारखा.

आता खरी बातमी. आम्ही नि आशा राहतो त्या वस्तीच्या प्राथमिक शाळेत द्वारकाबाई म्हणून नव्या मोठ्या बाई आल्यात. कारखाने वाढले तशी खेड्याखेड्यातून माणसं आली, त्यांची पोरं आली, नि मास्तर मात्र तेवढेच. बाईंनी पालकांची सभा घेतली. म्हणाल्या, दर शनिवारी पोरांची मंडळं चालवू. ज्याला जे येतं त्यानं येऊन ते शिकवावं. शिंपीणकाकूंनी शिवणाचं मंडळ घेतलं. एकानं लेझमीचं घेतलं, एकानं बागेचं. मला विचारलं, "आजोबा, तुम्हाला काय येतं?"

मी म्हणालो, "बाई, जन्म गिरणीत गेला, त्याआधी मेंढरं वळली. अक्षरं पोत्यांवरची वाचून शिकलो. ह्यातलं काय पाहिजे?"

बाई हसल्या. "मेंढरं वळणाराच पाहिजे. आमच्या रांजणापाशी चला."

तिथं बघतो तर काय, एकच गदारोळ. पोरं रांजणात कोपरापर्यंत हात घालतात. अर्धं पाणी चड्डीवर, निम्म्या पोरांची पोटं बिघडलेली. मी तिथंच पाणी मंडळ काढलं. आता पोरं ओळीनं येतात. बन्सी म्हणून एक दांडगं पोरगं आहे, ते ओगराळ्यानं पाणी वाढतं. आणि मंडळाची कारभारीण कोण केली सांग? तुझी नात. आपली तिसरीतली मुक्ता.

ऐटीत असते. रांजणाला हात लावायचं काम तिला नाय. बाजूच्या दगडावर उभी राहते, सगळ्यांवर नजर ठेवते. सगळी पोरं पिऊन झाली की मग शेवटी ती पिते, बन्सी वरून धार धरतो. मी लांबून बघतो नि छाती फुगते.

तुला आनंद होईल म्हणून पहिलं तुलाच लिहिलं. उत्तराला उशीर लावू नको.

तुझा,
मल्हार


बाभूळवस्ती, ता. गंगापूर,
२७ जून १९७८

प्रिय मल्हारदादा, जयभीम.

पत्र पोचलं. आवडाला वाचून दाखवलं. डोळ्यांची बाटली कोनाड्यात आहे, तुझा अंदाज बरोबर. गुडघा आहे तसा आहे. शेळी व्याली, एकच करडू, पण तेज आहे. बानावहिनींच्या कंबरेला निरगुडीचा पाला बांधायला सांग.

शाळेची हकिकत वाचली. तुझ्यासारखा माणूस शाळेत जातो हे चांगलं आहे. एक विचारायचं होतं. मुक्ता शेवटी पिते, हा नेम कुणी केला? बाईंनी का पालकांनी? आणि तिला प्यायला कोणता पेला आहे? इतर पोरांचाच, का वेगळा?

सहज विचारलं. म्हाताऱ्याला नातीच्या बारीकसारीक गोष्टी कळाव्या वाटतात.

गिरणीतले आपले दोन रांजण आठवतात का? तू नवा लागलास त्या दिवशी सावलीतल्या रांजणाचं पाणी प्यालास. मी म्हणालो, "अरे, हा आमच्या लोकांचा आहे, तुमचा तिकडं." तू म्हणालास, "पण गार तर हाच आहे." मुकादम हसला, आणि तू दुसरा पेला भरून घेतलास. त्या दिवसापासून तुला दादा म्हणतो.

मुक्ताला झाडांची आवड आहे. जमलं तर तिला बागेच्या मंडळात घाल. पाण्यापाशी नको. एवढं माझं ऐक.

पेपरात विद्यापीठाच्या नावाचं रोज काहीतरी येतं. वस्तीवरचे आता झोपत नाहीत, कान टवकारून ऐकतात. गावातल्या चावडीवरही पेपर वाचला जातो, पण तिथला आवाज वेगळा असतो. शहरात काय हवा आहे ते लिहावं.

तुझा,
पुंडलिक


औरंगाबाद,
९ जुलै १९७८

प्रिय पुंडलिक, रामराम.

तू तर आजीबाईसारखी काळजी करायला लागलास. पोरीला घागरी उचलाव्या लागतील, हात दुखतील, असं वाटलं का तुला? अरे, तिला थेंबभर ओझं नाय. म्हणून तर तिला दगडावर उभी केली. घागरी बन्सी आणि त्याचे दोस्त वाहतात.

नेम माझाच आहे, बाईंचा नाय. आणि पेल्याचं विचारलंस ते बरं झालं, सांगायचं राहिलंच होतं. व्हय, तिचा पेला वेगळा आहे. माझा स्वतःचा पितळी पेला मी तिला दिला. दुसऱ्या कुणी त्यात प्यायचं नाय, अशी मी पोरांना ताकीद दिली. ती तो राखेनं घासते, फडक्यात गुंडाळते आणि घरी नेते. आता झालं समाधान?

बागेत घालायचं म्हणतोस, पण असली कारभारीण मी सोडायचो नाय.

बद्रीनाथ म्हणून एक पालक आहे, वाळूची ठेकेदारी करतो. त्याची मंजुळा मुक्ताच्याच वर्गात. तो एका शनिवारी तणतणत आला. पोरीनं घरी काय सांगितलं देव जाणे. म्हणाला, "पाण्याचं मंडळ कुणाच्या हाती दिलंय?" मी म्हणालो, "बस, नि बघ." तो बसला. सगळी ओळ संपेपर्यंत बघितली. मुक्ता शेवटी प्याली ती पण बघितली. मग उठला, नि माझ्या खांद्यावर हात ठेवून हसत म्हणाला, "म्हातारबा, तुम्ही जाणते आहात. असंच चालू द्या." बघ, नुसतं काम बघून माणूस गार झाला.

काल मात्र मुक्ता आली नाय. आशा दारातूनच म्हणाली, अंग गरम आहे. काढा पाठवला होता बानाबाईनं, तो तसाच परत आला.

हवेचं विचारलंस. भिंती नावांनी रंगल्यात. कॉलेजची पोरं मोर्चे काढतात, ह्या बाजूचे नि त्या बाजूचे. मुंजाबाच्या कारखान्यात डबा खाताना लोक आता दोन झाडांखाली बसतात. मी त्याला म्हणालो, नाव कुणाचंही द्या बाबा, आपली पोरं तिथवर पोचू द्या म्हणजे झालं.

आशाला चार ओळी लिही. ती हल्ली माझ्याशी तुटक बोलते, थकली असंल. तुझं पत्र लवकर येऊ दे.

तुझा,
मल्हार


बाभूळवस्ती,
१५ जुलै १९७८

रा. रा. मल्हारराव यांस,

तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं तेव्हाच आशाचं पत्र माझ्याजवळ आलेलं होतं. मी ते लपवलं. मला वाटलं, पोरीची काहीतरी चूक होते आहे, मल्हारदादा असं करणार नाही. म्हणून तुम्हाला आडून विचारलं. तुम्ही उघड उत्तर दिलं.

माझी नात रांजणाला हात लावत नाही. बाजूला उभी राहते. सगळ्यांच्या नंतर पिते. दुसऱ्याच्या हातून, वरून धरलेल्या धारेनं पिते. तिचा पेला वेगळा आहे, आणि तो ती शाळेत न ठेवता घरी नेते.

मल्हारराव, ह्यातलं मला नवीन काय आहे? माझ्या बापाला पाणी असंच मिळालं. मलाही गावच्या शाळेत असंच मिळालं, तेही मास्तर दयाळू होता म्हणून. गावाबाहेर पडलो, गिरणीत घाम गाळला, मुलीला शहरात दिलं, ते हे चुकावं म्हणून. आणि ते माझ्या नातीला करायला कोण उभं राहिलं, तर ज्यानं आमच्या रांजणाचं पाणी मागून घेतलं तो.

बद्रीनाथ कशानं गार झाला हे तुम्हाला खरंच कळलं नाही का? काम बघून माणूस हसत नाही. मनासारखं बघून हसतो.

तुम्ही लिहिलं, नाव कुणाचंही द्या. ज्याच्या नावाचा कुणाला विटाळ होत नाही त्याला असं म्हणणं सोपं आहे.

मुक्ताला ताप नव्हता. आशा तिला शाळेतून काढते आहे. जवळ दुसरी शाळा नाही, आणि दोघंही कामावर जातात, म्हणून पोर पुढच्या रविवारी माझ्याकडे येईल. इथं मी शिकवीन जमेल तसं. तिची शाळा सुटली तर ती ह्यामुळं सुटली, एवढं ध्यानात असू द्या.

तुम्ही हे जाणून केलं का नाही, एवढंच लिहा. दुसरं काही नको.

पुंडलिक


औरंगाबाद,
२४ जुलै १९७८

पुंडलिक,

तुझं पत्र बुधवारी आलं. मला अहो-जाहो लिहिलंस, ते आधी दोनदा वाचलं. मग पुढचं सगळं वाचलं. मग बानाबाईला वाचून दाखवलं. ती चुलीपुढं बसून राहिली, भाकरी करपली तरी उलटली नाय. म्हणाली, "त्यांचं काय चुकलं? आपल्याला दिसलं नाय."

जाणून केलं नाय. आता कसं केलं ते ऐक, मग काय मानायचं ते मान.

आमचा मेंढवाडा म्हणजे चार-पाच घरं नि त्यांची मेंढरं, आठ महिने रानोमाळ फिरणारी. त्यांचा एक कारभारी असतो. माझा बाप होता. पाणवठा लागला की कारभारी पाण्याला हात लावत नाय. बाजूला उंचावर उभा राहतो, कारण त्याला सगळं दिसलं पाहिजे. आधी कोकरं, मग मेंढरं, कुत्री, लेकरं, बाया, गडी. कुणी मागं राहिलं तर त्याची वाट बघतो. सगळ्यांची तहान भागली की सगळ्यात लहान पोरगं त्याला वरून धार धरतं आणि तो आपल्या वेगळ्या पेल्यातून पितो. तो प्याला की वाडा हलतो. आमच्यात ह्याहून मोठा मान नाय. माझा बाप गेला तेव्हा तो पितळी पेला मला आला. मी गिरणीत गेलो, कारभारी कधी झालो नाय. पेला तसाच पडून होता. मुक्ताची नजर बघितली, कोण पोर मागं राहिलं ते तिला बरोबर दिसायचं, म्हणून मी तो तिला दिला.

मला वाटलं मी तिच्या डोक्यावर पागोटं बांधतोय. तुला जे दिसलं ते मला दिसलं नाय. रोज दिसत असलेलं दिसलं नाय, कारण ते मला कधी भोगावं लागलं नाय. हे मी आता समजतोय, नि बद्रीनाथचा खांद्यावरचा हात आठवला की अंग धुवावं वाटतं.

गुरुवारी आशाकडं गेलो. तिनं दार अर्धंच उघडलं. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काका, तुमच्या मनात नसंल. पण माझ्या पोरीला वर्गात मंजुळा म्हणाली, तुझ्या पेल्याला हात लावला तर आमचे अण्णा ओरडतील. ते तुमच्या मनात होतं का नाय, त्यानं तिला काय फरक?" मुक्ता मागून बघत होती. पेला तिच्या हातात होता.

मी हात जोडले. म्हणालो, शाळेतून काढायची तर काढ, माझं तोंड बघू नको, पण आत्ता तिला गावाकडं धाडू नको. मुंबईला विद्यापीठाच्या नावाचा ठराव येणार म्हणतात. मुंजाबा सांगतो, कारखान्यात गावाकडची माणसं लई वाईट बोलतात. शहरात निदान चार दारं आहेत. आशा म्हणाली, "ज्या शहरात पाणी असं मिळतं, तिथं कोणती दारं?"

काल रामकिसन तिला घेऊन एस्टीत बसला. मी स्टँडवर लांब उभा होतो. पोरीनं मला बघून हात हलवला.

पुंडलिक, माझ्यावरचा राग असू दे. पण तिथं जरा जरी हवा फिरली तरी पोरीला घेऊन निघ. पोचली का, एवढं कळव.

मल्हार


औरंगाबाद,
६ ऑगस्ट १९७८

पुंडलिक,

ठराव झाला. त्यानंतर जे चाललंय ते तुला मी काय सांगू. एस्टी बंद, तारा तुटलेल्या. पोस्टात विचारलं, तर गंगापूरकडची थैली गेली का नाय ते त्यांनाच ठाऊक नाय. हे पत्र दुधाच्या गाडीवाल्याकडं देतोय, तो जाईल तिथवर जाईल.

वस्त्या जाळल्या म्हणतात. गावांची नावं रोज निराळी येतात. तुझ्या वस्तीचं नाव कुणी घेतलं की आशा उठून उभी राहते. ती आता आमच्याच ओसरीवर असते. रामकिसन दोनदा पायी निघाला, दोन्ही वेळा रस्त्यात अडवून माघारी फिरवला. आशा माझ्याशी बोलत नाय, पण बानाबाईनं दिलेलं पाणी पिते.

शाळा बंद आहे. मी रोज रांजण भरून येतो. का भरतो ते विचारू नको.

मुक्ता कुठंय? एकच ओळ लिही. कुणाच्याही हाती, कसलाही कागद चालंल.

मल्हार


वैजापूर,
२० ऑगस्ट १९७८

मल्हारदादा, जयभीम.

मुक्ता सुखरूप आहे. पहिल्या ओळीत हे लिहून टाकतो. आवडा बरी आहे, मी बरा आहे. भाच्याकडे वैजापूरला आहोत. घर राहिलं नाही. शेळी आणि करडू आवडानं दावं कापून सोडून दिलं होतं, ती कुठं गेली माहीत नाही. वस्तीवरची माणसं सगळी निघाली, एवढं नशीब. त्याहून जास्त आत्ता लिहवत नाही.

तुझं २४ तारखेचं पत्र मला पोचलं होतं. वाचलं. खरं सांगतो, मी त्यावर विश्वास ठेवला नाही. वाटलं, अंगावर आलं म्हणून दादानं छान गोष्ट रचली. पत्र कोनाड्यात ठेवलं, ते घराबरोबर गेलं.

आम्ही निघालो ते आडवाटेनं, उसाच्या कडेनं. दुसऱ्या दिवशी उन्हं चढली तेव्हा एका पडीक मळ्यात विहीर लागली. कुणीतरी दोर आणि बादली तिथं ठेवून गेलेलं होतं. कुणी ठेवली ते कळलं नाही. आदल्या दिवसापासून कुणाच्या घशात थेंब नव्हता. तुला माहीत आहे माझा गुडघा, मी पार मागं पडलो होतो. आवडाला मी म्हणालो होतो, तुम्ही चला, माझ्यासाठी थांबू नका.

मी विहिरीपाशी पोचलो तेव्हा सगळे पिऊन सावलीला बसले होते. मुक्ता तेवढी मोटेचं पाणी पडायच्या थारोळ्याच्या दगडावर उभी, कपाळावर हात धरून वाटेकडे बघत होती. ओठ फुटलेले. हातात तुझा पेला. घर सोडताना पोरीनं दुसरं काही घेतलं नव्हतं.

आवडा म्हणाली, "केव्हाची सांगतेय तिला पी म्हणून. लेकरांना ओळीत बसवलं, आधी तान्ही, मग बाया. गड्यांनासुद्धा दटावून बसवलं. पण स्वतः पीत नाही."

मी म्हणालो, "का गं?"

"कारभारीण शेवटी पिते, आजोबा. तुम्ही मागं होतात."

मग तिनं मला आधी दिलं. मी प्यालो तेव्हा ती प्याली.

दादा, तुझी गोष्ट मी त्या वेळी खरी मानली. मी मागं राहिलो म्हणून कुणी अशी वाट कधी बघितली नव्हती.

पण आता माझं नीट ऐक. तुझी रीत तुझ्या वाड्याला माहीत. शाळेत सगळ्या जातींची पोरं. बद्रीनाथनं तुझी रीत बघितली नाही, त्यानं त्याची बघितली. मी माझी बघितली. शंभर वेळा सांगितलंस तरी बघणाऱ्याला तेच दिसेल. म्हणून मुक्ता पुन्हा कारभारीण होणार असेल तर बाजूला उभी राहणार नाही. रांजणापाशी उभी राहील. ओगराळं तिच्या हातात असेल, आणि प्रत्येकाच्या पेल्यात पाणी ती वाढील, मंजुळाच्यासुद्धा. वेगळा पेला बंद. हे झालं तर शेवटी प्यायची ती खुशाल पिऊ दे, मग त्याचा अर्थ कुणी चुकीचा लावणार नाही.

हे लिहीत असतानाच रामकिसन विचारत विचारत मुक्ताला न्यायला आला आहे. हे पत्र त्याच्या आणि मुक्ताच्या हाती देतो. पहिल्या शनिवारी हे झालं नाही, तर आशाला सांग, पोर परत इकडे पाठव. इथं शाळा आहे. शाळा तिची मी सुटू देणार नाही, आणि तशी चालूही देणार नाही.

बानावहिनींना नमस्कार. त्यांनी आशाला ओसरी दिली, हे रामकिसननं सांगितलं.

तुझा,
पुंडलिक


औरंगाबाद,
३ सप्टेंबर १९७८

प्रिय पुंडलिक, रामराम आणि जयभीम.

आवडावहिनींना ह्या पत्रातलं शेवटचं आधी सांगू नको, क्रमानं वाच.

तुझं पत्र घेऊन मी द्वारकाबाईंकडं गेलो. बाई चांगल्या आहेत, पण भ्यालेल्या आहेत. म्हणाल्या, "आजोबा, शाळा नुकती उघडलीय. मंडळं दिवाळीपर्यंत बंदच ठेवू. उगीच कुणाच्या डोळ्यावर यायला नको." मी म्हणालो, "बाई, दिवाळीपर्यंत पोरं पाणी प्यायची थांबणार का?" त्यांनी खिडकीतून रांजणाकडं बघितलं. मग म्हणाल्या, "बरं. पण मी तुमच्याजवळ उभी राहीन. काही झालं तर ते तुमच्या एकट्याच्या अंगावर नको."

काल शनिवार. मुक्ता रांजणापाशी, ओगराळं तिच्या हातात. पितळी पेला मी साखळीनं रांजणाला बांधला, ज्याला पाहिजे त्यानं त्यात प्यावं. बन्सीला सांगितलं, तू आता ओळ बघ. तो म्हणाला, "म्हंजे माझी बढती का उतरती?" मी म्हणालो, बढती.

आशा कुंपणाच्या भिंतीपाशी उभी होती. बद्रीनाथ फाटकात, संगती दोघंतिघं. मला म्हणाला, "म्हातारबा, चांगलं चाललं होतं की."

मी म्हणालो, "तुला जे चांगलं वाटलं, ते माझं चुकलेलं होतं. आता दुरुस्त करतोय."

"म्हाताऱ्यानं ह्या वयात पोरांच्या पाण्यात पडू नये."

"मी मेंढरांच्या पाण्यात वाढलो, बद्रीनाथ. पाण्यापाशी कोण ढुशा देतं ते मला लांबून कळतं."

ओळीत पहिला मी उभा राहिलो. मग बानाबाई, कंबर धरून. मग शिंपीणकाकू, मग मोठ्या बाई. मुक्तानं वाढलं, आम्ही प्यालो. मग पोरं. पण फाटकातून खाकरल्याचा आवाज आला नि ओळीतली काही पोरं पाय मागं घेऊन निघून गेली. मंजुळा तर बापाकडं बघूनच लेझमीच्या मंडळात पळाली. ओळ आटली. रांजण अर्धा भरलेला, नि समोर कुणी नाय.

मी मुक्ताला म्हणालो, "पी बाई आता."

ती म्हणाली, "अजून सगळी कुठं झाली?"

पुंडलिक, ती प्याली नाय. ऊन पत्र्यावर तापलं. लेझीम चालू, शिवण चालू, नि ही ओगराळं धरून उभी. मोठ्या बाईंनी सांगितलं, आशानं भिंतीपासून हाक मारली. ती नुसती मान हलवायची. माझं मन इतकं कासावीस झालं की वाटलं, ही रीत मी तिला कशाला दिली. पण तिला आता थांबवणारा मी कोण?

मग पोरांच्या ध्यानात आलं. आधी बागेतली दोघं चिखलाचे हात पुसत आली. मग ओळ सोडून गेलेली एकेक करून परत. खाली मान घालून पेला पुढं करायची, प्यायची, जायची. फाटकातला एक माणूस बिडी पेटवून निघून गेला. राहता राहिली मंजुळा. लेझीम खेळून लालबुंद झालेली. तिथूनच एकदा बापाकडं बघायची, एकदा मुक्ताकडं.

शेवटी आली. बद्रीनाथ गरजला, "मंजुळे, घरी चल. घरी पाणी आहे."

ती तिथूनच म्हणाली, "अण्णा, पण तिला प्यायचंय ना."

एवढंच. साखळीचा पेला उचलून पुढं धरला. मुक्तानं काठोकाठ भरला. मंजुळा प्याली नि पेला मुक्ताच्याच हातात दिला. त्याच पेल्यात मुक्तानं आपल्या हातानं पाणी घेतलं आणि घटाघटा प्याली, परकर भिजेपर्यंत. भिंतीपाशी आशा पदरानं तोंड पुसत होती. मला हाक मारून म्हणाली, "काका, उन्हात उभे राहू नका." बऱ्याच दिवसांनी काका म्हणाली.

बद्रीनाथ मंजुळेचं बखोट धरून घेऊन गेला. ते मी लपवत नाय, आता आपल्यात लपवालपवी नको. सोमवारी तो काय करंल सांगता येत नाय. पोरीचं नाव काढंल, का चार माणसं घेऊन येईल. मोठ्या बाई म्हणतात, त्या हलणार नाहीत. मुंजाबा पाळी बदलून येतो म्हणालाय, त्याच्याबरोबर कारखान्यातली दोन्ही झाडांखालची काही पोरं येणार आहेत. आणि मी तर आहेच. भीती वाटते, ते पण लिहितो.

'नाव कुणाचंही द्या', ही माझी ओळ मी माघारी घेतो. ठराव झाला म्हणतात, नि विद्यापीठाची पाटी तीच आहे. पाणी वाढायला एक पोर उभी राहिली तर एवढं झालं. मग त्या पाटीला काय काय सोसावं लागंल, ते आता थोडं कळतं.

मुक्ता विचारते, आजोबा परत कधी येणार आणि करडू सापडलं का. दोन्हीचं उत्तर तूच दे, नि लवकर दे. सोमवारनंतरची हकिकत मी लिहीनच, पण तुझं पत्र हाती असलं तर सोमवारी मला उभं राहायला बरं पडंल.

तुझा,
मल्हारदादा